पुलाखाली उतरून

श्रावणाच्या तोंडाशी सांगलीला फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत येतं. "अडतीस. कोयनेतून सोडलंय, रात्रीत वाढेल," असं दादा सांगतो, आणि त्या एका आकड्यावरून कुणाच्या गल्लीत पाणी शिरणार, कुणाची जनावरं हलवावी लागणार, दुकानातला माल माळ्यावर चढवायचा की नाही, हे सगळं उमजतं. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्याही वर गेली, तेव्हा पुढे काही विचारायचं धाडस होत नव्हतं. 1929 साली उभा राहिलेला आयर्विन हा दगडी पूल सांगलीला पलीकडच्या सांगलीवाडीशी जोडतो. पण तिथल्या माणसांच्या लेखी त्याचं मोठं काम नदी मोजण्याचं आहे.

पुलाकडे बघायची माझी नजर या माहेरच्या पुलामुळे घडली. रस्त्याने जाणाऱ्याला पूल म्हणजे रस्त्याचाच पुढचा तुकडा. गाडीच्या काचा वर असतील तर नदी आली कधी आणि मागे पडली कधी, हेही कळत नाही. नदीकाठच्या माणसाला तो पाण्याच्या बाजूने, खालून दिसतो. मागच्या पुराची रेघ कमानीच्या पोटावर कुठवर चढली आहे, कुठल्या खांबाला ओंडका अडकून बसलाय, कुठल्या सांध्यातून पाणी पाझरतंय, हे तो न सांगता बघतो. म्हणून परगावी जुना पूल दिसला की मी आधी खाली उतरायची वाट शोधते. आणि खाली उतरल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली आहे: जो पूल आज उभा आहे, तो कुणी एकदाच बांधून मोकळा झालेला नाही. त्याला मधल्या काळात कितीतरी हातांनी पुन्हा पुन्हा बांधलं आहे.

उत्तर प्रदेशात जौनपूरला गोमतीवरचा शाही पूल बघा. काशीला गेलेली आपली माणसं गंगाआरती करून परत फिरतात. तिथून काही तासांच्या अंतरावर असलेल्या या पुलापर्यंत फारसं कुणी जात नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते. अकबराचा सरदार मुनीम खान याने 1560च्या दशकात तो बांधून घेतला. आराखडा अफजल अली काबुली या अफगाण स्थापत्यकाराचा. त्याची गोष्ट अशी सांगतात की, जौनपुरात असताना एका संध्याकाळी अकबराला नदीकाठी एक विधवा रडत बसलेली दिसली. नाव बंद झाली होती आणि तिला पैलतीरी घरी जायचं होतं. बादशहाने स्वतः तिला नावेतून पलीकडे सोडलं आणि मुनीम खानाला पूल बांधायला सांगितलं. गोष्ट घडली असेल नसेल. पण लोकांनी पुलासाठी हीच गोष्ट निवडली, यात मला फार अर्थ दिसतो. फौजा जाव्यात म्हणून, सारा वेळेवर पोचावा म्हणून पूल बांधले जातातच. लोकांनी लक्षात ठेवलं ते मात्र रात्र पडायच्या आत घर गाठू पाहणाऱ्या एका बाईला.

या पुलावर चालताना दोन्ही अंगांना, खांबांच्या माथ्यावर, छोट्या गुमट्या लागतात. खाली पाणी, वर छप्पर, समोर वाहती रहदारी. कुणी टेकायला बसतं, कुणी काही विकायला मांडतं. पूल हा नुसता ओलांडायचा नसतो, त्यावर थांबायचंही असतं, हे बांधणाऱ्याने गृहीत धरलेलं आहे. आजच्या उड्डाणपुलावर 'थांबू नये' अशी पाटी असते आणि ती वाहनांसाठी योग्यही आहे. पण त्या पाटीबरोबर नदीकडे बघत उभं राहायची एक जागाही आपल्या गावांतून गेली.

शाही पुलाच्या खाली उतरलं की कमानी नीट दिसतात. 15 जानेवारी 1934 रोजी बिहार-नेपाळचा मोठा भूकंप झाला, त्यात या पुलाला जबर तडाखा बसला. सात कमानी पुन्हा बांधाव्या लागल्या. म्हणजे आपण ज्याला अकबराच्या काळचा पूल म्हणतो, त्याचा बराच मोठा भाग विसाव्या शतकातल्या गवंड्यांनी रचलेला आहे. त्या गवंड्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. मुनीम खानाइतकाच हा पूल त्यांचाही आहे असं मी मानते. त्यांनी जुन्या घाटाची कमान पुन्हा तशीच उभी केली नसती, तर आज आपण गोमतीच्या पात्रात उरलेले खांब मोजत बसलो असतो.

हैदराबादचा पुरानापूल याहून थोडा धाकटा, 1578चा. तो इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत मुसी नदीवर बांधला गेला. त्या वेळी हैदराबाद शहर अजून वसलेलंच नव्हतं. ते वसलं 1591 साली. आधी पूल, मग शहर. गोवळकोंड्याकडून येणारी वाट या 22 कमानींवरून पलीकडे गेली आणि पलीकडे चारमिनार उभा राहिला. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याला हा पूल पाहून पॅरिसच्या पाँ नफची आठवण झाली होती, आणि देखणेपणात त्याने या पुलाला फारसं खाली बसवलं नव्हतं. शहरातले लोक मात्र प्रेमकथा सांगतात. राजपुत्र महंमद कुलीने भागमतीला भेटायला भर पुरात मुसीमध्ये घोडा घातला, म्हणून बापाने पूल बांधला. इथेही पुन्हा पाण्यापलीकडे अडकलेलं एक माणूस आहेच.

1908च्या सप्टेंबरात मुसीला जो पूर आला त्याने हजारो माणसं नेली. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. शहरातले नंतर बांधलेले तीन पूल तुटले. सव्वातीनशे वर्षांचा पुरानापूल तेवढा राहिला, आणि दोन्ही काठांना जोडणारी वाट काही काळ तीच होती. त्यानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. मुंबई इलाख्याच्या नोकरीतली त्यांची उमेदीची वर्षं आपल्याकडे गेली होती, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी स्वयंचलित दारं बसवली होती. मुसीचा पूर अडवायचा तर वरच्या अंगाला धरणं हवीत, असं त्यांनी सांगितलं. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यातून झाले. शहर वाचलं. पण पुढे वर्षानुवर्षं शहराने मुसीत सांडपाणी सोडलं, आणि आज पुरानापुलाखाली उतरायचं म्हटलं तर नाकाला पदर लावावा लागतो. वर भाजीबाजार भरतो. कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटोचे ढीग, आणि त्याखाली चारशे वर्षांहून जुनी कमान. बाजार मला आवडतो, पुलावर माणसांनी बसावं हे मला पटतंच. खालची नदी बघून मात्र पोटात तुटतं. पूल जपला म्हणजे नदी जपली असं होत नाही, आणि नदीशिवायच्या पुलाला बघायला जाण्यात अर्धं दुःखच आहे.

महाराष्ट्रातल्या माणसाने जुन्या पुलांबद्दल लिहायचं तर सावित्रीपाशी थांबावंच लागतं. 2 ऑगस्ट 2016ची रात्र. महाडजवळ, मुंबई-गोवा महामार्गावर, इंग्रजी अमदानीतला दगडी कमानींचा पूल सावित्रीच्या पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी गाड्या आणि काही खासगी गाड्या अंधारात खाली गेल्या. कोकणातल्या घराघरांत त्या रात्री कुणीतरी कुणाचीतरी वाट बघत होतं. कोण कुठल्या गाडीत चढलं होतं, याचे फोन सकाळपर्यंत चालू होते. कितीतरी दिवस खाडीपर्यंत शोध चालला. पुढे 165 दिवसांत तिथे नवा पूल उभा केला गेला. ते काम खरोखर कौतुकाचं होतं. पण त्या वेगाबद्दल वाचताना माझ्या मनात एकच येत राहिलं, की यातले थोडे दिवस आधीच्या उन्हाळ्यांत जुन्या पुलाच्या पायाशी खर्च झाले असते तर!

दगडी पूल कमानीमुळे पडतो, हे क्वचितच. कमान ही रचनाच अशी आहे की वरून भार आला की दगड एकमेकांना आणखी घट्ट रेटतात. घात होतो तो पायाशी. पुराचं पाणी खांबाला धडकून दोन्ही अंगांनी वळतं आणि वळताना बुडाशी भोवरा करून तळाची वाळू, माती, गोटे उचलून नेतं. पूर ओसरला की गाळ पुन्हा बसतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. नदीतून वाळूउपसा होत असेल तर पात्र खोल जातं आणि हे आणखी लवकर घडतं. म्हणून पूल वरून तपासून भागत नाही. कुणीतरी पात्रात उतरायला हवं, खांबाच्या बुडाला हात लावून बघायला हवं.

आणि मोरबी. मच्छू नदीवरचा तो झुलता पूल एकोणिसाव्या शतकातला, मोरबी संस्थानाच्या काळचा. लोक त्यावर फक्त पलीकडे जाण्यासाठी येत नसत, झुलायला येत. दुरुस्तीसाठी बंद होता, 26 ऑक्टोबर 2022 रोजी गुजराती नववर्षाला उघडला, आणि चौथ्या दिवशी तुटला. 135 माणसं गेली, त्यात लहान मुलं कितीतरी. जुना पूल बघायला जाणारा माणूस त्या पुलावर स्वतःचं वजनही घेऊन जातो, हे त्या दिवसानंतर मी कधी विसरू शकलेले नाही. सुंदर जुन्या पुलांविषयी लिहिताना मला जबाबदारीची जी भीती वाटते ती इथून येते. वाचून कुणी तिथे गेलं, तर ते पाऊल त्या पुलाला पेलायला हवं.

एवढं सगळं मनात ठेवून मी मेघालयात गेले, आणि तिथे पुलाबद्दलची माझी समजूत मुळापासून हलली. खासी आणि जैंतिया टेकड्यांचा दक्षिण उतार म्हणजे चेरापुंजी-मौसिनरामचा मुलूख. मौसिनरामला वर्षाकाठी सरासरी 11 हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळ्यात उडी मारून ओलांडावा असा ओढा पावसात दगड गडगडवत येतो. बांबूचा साकव तिथे फार टिकत नाही, कुजतो. मग लोकांनी काठावर रबराचा वड लावला. त्याची हवेत लोंबणारी मुळं सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडांतून किंवा बांबूच्या आधाराने ओढ्यावरून पलीकडे नेली. पलीकडच्या मातीत ती रुजली, जाड झाली, एकमेकांत गुंफली. मधल्या फटींत दगड आणि माती भरली की वाट तयार. याला 15 वर्षं लागतात, कधी 30. म्हणजे लावणारा तरणा असतो आणि पुलावरून बिनघोर चालताना त्याचे केस पिकलेले असतात. कित्येकदा चालतात ती पुढची पिढीच. खासी लोक या पुलांना जिंगकिएंग ज्री म्हणतात. हेन्री यूल या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1844 मध्ये त्यांचं वर्णन छापलं, तेव्हाही ते नवे नव्हते.

नोंग्रिआटचा दुमजली पूल गाठायचा तर तिर्ना गावातून 3 हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे बोलायला लागतात, पण वाटेत सुपारीच्या बागा, पानवेली, मधाच्या पेट्या, आणि सतत पाण्याचा आवाज. गावकरी सांगतात की आधी खालचाच पूल होता. मोठ्या पुरात पाणी त्याच्यावरून जाऊ लागलं, तेव्हा त्याच झाडाची मुळं आणखी उंचावरून नेली. पुराला टक्कर द्यायच्या ऐवजी एक मजला वर चढून त्यांनी नदीला तिची जागा मोकळी दिली. मी तिथे बसले होते तेव्हा पाठीवर माल घेतलेला एक गावकरी पुलावरून गेला. जाता जाता वाकून त्याने लोंबणारं एक बारीक मूळ बोटांनी उचललं, बाजूच्या जाड मुळाभोवती वळवलं आणि तो पुढे चालू लागला. त्याची चाल मोडली नाही. ते दुरुस्तीचं काम आहे असं त्याच्या चेहऱ्यावर कुठे नव्हतं. वाटेवरच्या प्रत्येकाने येता जाता एवढं करायचं, हा तिथला रिवाजच आहे, आणि म्हणूनच इतर पूल वयाने झिजतात तेव्हा हा पूल वयाने मजबूत होतो.

परतीच्या पायऱ्या चढताना मला राहून राहून वाटत होतं की हे झाड आपल्या ओळखीचं आहे. रबराचा वड, आपला वड, पिंपळ, उंबर, सगळी एकाच कुळातली. आपल्याकडच्या दगडी पुलांचा मोठा वैरी कोण, तर हाच पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी कमानीच्या सांध्यात पडतं, चुन्यात ओल असतेच, पहिल्याच पावसात दोन तांबूस पानं बाहेर येतात. दिसायला फार गोजिरं दिसतं ते. पाच-सात वर्षांत त्याचं मूळ दोन दगडांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर सारू लागतं. तिकडे मूळ पूल बांधतं, इकडे मूळ पूल फोडतं. झाडाच्या स्वभावात काही फरक नाही. तिकडे रोज कुणीतरी त्या मुळाकडे बघतं, त्याला वळण देतं. इकडे पुलाखाली उतरून बघणारं कुणी उरलेलं नाही.

पूर्वी होतं. आपल्या दगडी बांधकामाचा जीव चुन्यात असे. भाजलेली चुनकळी भिजवायची, घाणीत वाळूबरोबर दळायची, त्यात कुठे गूळ, कुठे बेलफळाचं पाणी, कुठे उडीद. आसामात शिवसागरजवळ नामदांग नदीवर आहोम राजा रुद्रसिंह याने 1703 साली दगडी पूल बांधला, त्याच्या चुन्यात तांदूळ, उडीद आणि अंडी घातली होती असं सांगतात. तीन शतकं त्यावरून वाहतूक गेली आहे, राष्ट्रीय महामार्गसुद्धा. असा चुना दगडापेक्षा मऊ राहतो. दगड उन्हाने फुगला, थंडीने आकसला, तर तो थोडा सरकू देतो. आतली ओल बाहेर जाऊ देतो. झिजला की पुन्हा भरायचा. आज जुन्या सांध्यात सिमेंट थापतात. ते कडक, ओल अडवणारं. ओल मग दगडातून वाट काढते आणि दगडच सुटू लागतो. दुरुस्ती केल्याचं समाधान मिळतं आणि पूल आतून दुखावतो. चुन्याचं काम जाणणारे गवंडी अजून आहेत, किल्ल्यांच्या आणि मंदिरांच्या डागडुजीवर ते दिसतात. साध्या रस्त्यावरच्या पुलापर्यंत त्यांना कुणी बोलावत नाही.

प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ कोयनेवर शिवकाळातला म्हणून ओळखला जाणारा एक छोटा दगडी पूल आहे. महाबळेश्वरच्या गर्दीतून गड बघायला जाणारे बहुतेक लोक तिकडे वळत नाहीत. त्याला गुमट्या नाहीत, कसली कथा नाही, ताव्हर्निए तिथे आला नाही. प्रवाहाच्या तोंडाला खांब टोकदार केलेले आहेत, पाणी दुभंगून जावं म्हणून. बस्स. गावाची माणसं आणि वाहनं अजून त्यावरून ये-जा करतात. गोव्यात पणजी ते रायबंदरच्या पाणथळ भागातून जाणारा लिन्हारेसचा लांबलचक दगडी बांधपूलही असाच 1630च्या दशकापासून कामावर आहे, आणि शेजारच्या मांडवीवर 1970 साली झालेला पूल 1986च्या पावसात पडला, हे गोव्यातल्या जाणत्या माणसांना चांगलं आठवतं. जुनं ते सगळं टिकाऊ, असं मी यातून म्हणणार नाही. सावित्रीनंतर तसं म्हणायची माझी छाती नाही. पण टिकलेल्या प्रत्येक पुलापाशी कुणी ना कुणी पुन्हा पुन्हा आलं आहे, एवढं मला पक्कं वाटतं.

म्हणून जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. पाणी उतरलेलं असतं, पुराची रेघ कमानीवर ताजी असते, काठची माती पाय ठेवण्याइतकी वाळलेली असते. आधी पुलावरून चाला, कठड्याला टेकून नदी बघा, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला कुठला पूर सगळ्यांत मोठा होता ते विचारा. मग खाली उतरा. खांबाच्या बुडाशी खड्डा पडलाय का, सांध्यातला चुना बोटाने निघतोय का, कुठला दगड पुढे आलाय का, ते बघा. दोन तांबूस पानं दिसली तर ओढून तोडू नका. वरचं खोड तुटतं आणि आतलं मूळ जोमाने वाढतं. फोटो काढा, कितव्या खांबावर आहे ते काठापासून मोजून लिहा, आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या जवळच्या उपविभागात अर्ज द्या. पोच घ्या. मृगाच्या आधी एकदा परत जाऊन बघा.